मु. पो. चा प्रश्न: खेड्यातलं टपाल आणि आपले हक्क

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर शिक्षण, रोजगार, विवाह कायदा, संविधान असे भारदस्त विषय आहेत. त्यांच्या रांगेत ‘खेड्यातलं टपाल’ हा विषय पाहून काहीजणांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मी मघाशी पाहिलं. व्हॉट्सअॅपच्या काळात पत्रांबद्दल कोण बोलतं? तर मी बोलते. कारण ते भारदस्त विषय आपल्या घरात येतात ते बहुतेक वेळा एखाद्या लिफाफ्यातून. नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, कोर्टाचं समन्स, बँकेची जप्तीची नोटीस, तलाकची नोटीस, मतदारयादीतून नाव वगळण्याची नोटीस, जमिनीच्या फेरफाराची नोटीस. या प्रत्येक कागदाला एक मुदत असते. मुदतीत हातात पडला तर हक्क वापरता येतो. नंतर पडला तर हक्क पुस्तकात राहतो.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात वाढले, आता पुण्यात राहते. माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बिनचूक कशी पोचवायची, हेच माझ्या रोजच्या कामाचं स्वरूप. त्यामुळे टपालाकडे मी थोडी त्या नजरेने बघते.

पावती पाठवणाऱ्याची, पोच कुणाची?

तुमच्या मोबाइलवर एखादं वेबपान उघडतं तेव्हा माहितीचे छोटे छोटे तुकडे तुमच्याकडे येत असतात. साधारणपणे व्यवस्था अशी असते की तुमचं यंत्र ‘मिळालं’ असं उलट कळवतं. ते कळवलं नाही तर पाठवणारं यंत्र तो तुकडा पुन्हा पाठवतं. म्हणजे पोचलं की नाही, याचा निर्णय घेणाऱ्याच्या उत्तरावर ठरतो. पाठवणाऱ्याने ‘मी तर पाठवलं होतं’ असं म्हणून भागत नाही.

आता कायद्याकडे या. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचं, म्हणजे जनरल क्लॉजेस अॅक्टचं, २७ वं कलम सांगतं की कागद टपालाने बजावायचा असेल आणि बरोबर पत्ता लिहून, पुरेसं शुल्क भरून तो नोंदणीकृत टपालाने पाठवला असेल, तर तो बजावला गेला असं मानायचं. कधी बजावला गेला? एरवी टपाल जेव्हा पोचलं असतं तेव्हा. याविरुद्ध सिद्ध करता येतं, पण ते सिद्ध करायचं काम घेणाऱ्याचं. ज्याला पत्र मिळालंच नाही, त्याने न मिळाल्याचा पुरावा द्यायचा.

या कलमाला कारण आहे. ते नसतं तर लबाड माणूस प्रत्येक नोटीस टाळत राहिला असता. चेक न वटल्याच्या खटल्यांत हाच प्रश्न येत असे. २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग दाखवला. नोटीस पोचली असं मानलं जाईल, पण ज्याला ती खरोखर मिळाली नाही त्याने न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरून स्वतःला वाचवावं. म्हणजे न्यायालयालाही ठाऊक आहे की टपालात पडलेलं प्रत्येक पत्र दारात पोचतंच असं नाही.

आणि नाहीच पोचलं तर टपाल खात्याची जबाबदारी किती? १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याने पत्र हरवणं, उशिरा पोचणं, चुकीच्या ठिकाणी पडणं या सगळ्यांतून सरकारला जवळजवळ मोकळं ठेवलं होतं. त्या जागी आलेला २०२३ चा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. त्यातही नियमांनी जेवढी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी आहे. थोडक्यात, पाठवणाऱ्याच्या हातात पावती आहे, खात्याच्या हातात संरक्षण आहे आणि शेवटच्या वाडीवरच्या माणसाच्या हातात काही नाही.

थैली गावापर्यंत कशी येते

यावर लगेच पोस्टमनला दोष देऊ नका. आधी व्यवस्था समजून घेऊ.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपाल कार्यालयं होती. आज सुमारे १ लाख ६५ हजार आहेत आणि त्यांतली जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. एवढं मोठं टपाल जाळं जगात दुसरं नाही. पण २०११ च्या जनगणनेत गावं होती सुमारे ६ लाख ४० हजार. म्हणजे सरासरी चार-पाच गावांमागे एक कार्यालय. नवं शाखा कार्यालय उघडायचे निकष असेच आहेत. साध्या भागात गावांच्या गटाची लोकसंख्या ३,००० हवी, सर्वांत जवळचं टपाल कार्यालय किमान ३ किलोमीटर दूर हवं आणि खर्चाच्या निदान एक तृतीयांश उत्पन्न अपेक्षित. डोंगराळ आणि मागास भागांसाठी निकष सैल आहेत, तिथे १५ टक्के उत्पन्न चालतं. गाव लहान असेल आणि वस्ती वाड्यांमध्ये विखुरलेली असेल, तर त्याला स्वतःचं पोस्ट मिळत नाही.

मुंबईत टाकलेलं पत्र वर्गीकरण होऊन रेल्वेने किंवा गाडीने जिल्ह्याकडे येतं. तिथून तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या उपटपाल कार्यालयात. तिथे प्रत्येक शाखा कार्यालयाची वेगळी थैली बांधली जाते. ही थैली अनेक मार्गांवर एसटीने निघते, पुढे कुणीतरी सायकलवर, दुचाकीवर किंवा पायी ती नेतो. दरड कोसळून घाट बंद झाला, गाडी रद्द झाली, थैली नेणारा आजारी पडला, की त्या दिवशीचं टपाल उद्यावर. उद्या रविवार असेल तर परवावर.

आणि थैली उघडणारा माणूस कोण? बहुतेक ठिकाणी तो पूर्ण वेळचा सरकारी कर्मचारी नसतो. तो ग्रामीण डाक सेवक असतो. यांना पूर्वी ‘खातेबाह्य’ कर्मचारी म्हणत. हे लोक सरकारी पदावर आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या पी. के. राजम्मा प्रकरणात शिक्कामोर्तब केलं. तरीही नियमित कर्मचाऱ्यासारखा पगार आणि पेन्शन त्यांना आजही नाही. कमलेशचंद्र समितीनंतर २०१८ मध्ये मानधन सुधारलं. शाखा डाकपालाला चार तासांच्या कामाला सुरुवातीला १२,००० रुपये, पाच तासांना १४,५०० आणि वर महागाई भत्ता. सहायक आणि डाक सेवकांना १०,००० व १२,०००. कार्यालयाची जागासुद्धा शाखा डाकपालानेच द्यायची. त्यामुळे पुष्कळ गावांत पोस्ट म्हणजे कुणाच्या तरी पडवीतलं एक टेबल.

त्या चार-पाच तासांत काय काय करायचं? पत्रं वाटायची, बचत खाती सांभाळायची, ग्रामीण टपाल जीवन विमा विकायचा, २०१८ पासून पोस्ट पेमेंट्स बँकेची खाती उघडायची. बचतीची आणि विम्याची उद्दिष्टं वरून येतात, असं या सेवकांच्या संघटना सांगत आल्या आहेत. पत्र वाटण्याचं उद्दिष्ट कुणी विचारत नाही. मग तीन वाड्या सोडून चौथ्या वाडीवर एका साध्या पत्रासाठी चढण चढून जायचं की आठवड्याभराचं टपाल एकदम न्यायचं, हा निर्णय तो माणूस एकटा घेतो. तो निर्णय आळसाचा नसतो. कामाचे तास आणि डोंगराची उंची यांचा तो हिशेब असतो.

संगणकाने खाल्लेलं ‘पो.’

आता माझ्या व्यवसायाचा दोष सांगते.

आपल्याकडे पत्ता लिहायची एक जुनी रीत आहे: मु., पो., ता., जि. म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. लहानपणी हे आपण नुसतं पाठ करतो. पण नीट बघा, यात केवढी अक्कल आहे. ‘मु.’ म्हणजे तुम्ही राहता ते गाव. ‘पो.’ म्हणजे ज्या कार्यालयातून तुमचं टपाल वाटलं जातं ते गाव. ही दोन गावं पुष्कळदा वेगळी असतात. थैली कोणत्या नावाची बांधायची, हे ‘पो.’ सांगतं.

पिनकोड येऊनही ‘पो.’ची गरज संपली नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, संस्कृतचे विद्वान आणि टपाल खात्यातले अधिकारी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळ्या लिप्या, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय दिला. दापोलीचा ४१५७१२ घ्या. पहिला ४ म्हणजे पश्चिम विभाग. ४१५ हा साताऱ्या-रत्नागिरीकडचा वर्गीकरण जिल्हा. शेवटचे तीन आकडे वाटप करणारं कार्यालय दाखवतात. पण देशभरात पिनकोड आहेत साधारण १९ हजार आणि टपाल कार्यालयं १ लाख ६५ हजार. याचा अर्थ उघड आहे: बहुतेक शाखा कार्यालयं आपल्या वरच्या कार्यालयाचाच पिनकोड वापरतात. पिनकोड पत्राला बाजारपेठेपर्यंत आणून सोडतो. तिथून कोणत्या थैलीत टाकायचं, हे सांगायला ‘पो.’ लागतं.

आता कुठलाही ऑनलाइन फॉर्म उघडा. ‘घर क्रमांक’, ‘स्ट्रीट’, ‘सिटी’ आणि पिनकोड. घर क्रमांक आमच्या मोहल्ल्यात ग्रामपंचायतीच्या वहीत असतो, दारावर नसतो. स्ट्रीट म्हणजे पाखाडी. सिटीच्या रकान्यात फॉर्म भरणारा तालुका निवडतो. ‘पो.’ लिहायला जागाच नाही. फॉर्म तयार करणारा माझ्यासारखाच कुणीतरी शहरात बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यात शहराचा पत्ता असतो. अपुरा पत्ता लिहिल्याचा दोष मग गावकऱ्यावर येतो.

त्यात नावांची भर. आमच्या गावात एकाच नावाचे तीन-चार पुरुष सहज निघतील. कुणाच्या आधार कार्डावर ‘शेख’ आधी, कुणाच्या शेवटी. ‘मोहम्मद’चं इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारचं. जुना पोस्टमन ओळखीवर वाटायचा: ‘हा दुबईवाल्याचा, हा मास्तरांचा.’ तो निवृत्त झाला की ते ज्ञानही निवृत्त झालं. नव्याने आलेल्याला लिफाफ्यावर जे लिहिलंय तेवढंच दिसतं.

यावर नवा उपाय आला आहे, डिजिपिन. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रासोबत तो तयार केला आणि मे २०२५ मध्ये खुला केला. अभियंता म्हणून मला तो आवडतो. भारतावर ३६ अंश लांब आणि ३६ अंश रुंद असा चौकोन कल्पायचा. त्याचे १६ भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा १६, असं दहा वेळा. प्रत्येक वेळी एक चिन्ह. दहा चिन्हांत तुम्ही सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात पोचता. रस्त्याचं नाव नसलेल्या पाखाडीतल्या घरालाही नेमका पत्ता मिळतो. रुग्णवाहिका बोलवायला याचा मोठा उपयोग होईल. पण डिजिपिन दार दाखवतो. त्या दारापर्यंत रोज चालत जाणारा माणूस तो नेमत नाही आणि दारात पत्र कुणाच्या हातात पडलं हेही तो सांगत नाही.

दारात हात कुणाचा

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा वेळ घेते.

मोहल्ल्याचं सगळं टपाल कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा मशिदीच्या ओट्यावर ठेवून देणं ही खेड्यातली जुनी सोय आहे. वीजबिल असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. पण पत्र बाईच्या नावाचं असेल तर? ते आधी दुकानदार बघतो, मग चार माणसं बघतात, मग घरातला पुरुष उघडतो आणि त्याला योग्य वाटलं तर तिला सांगतो. आपल्या घरांच्या दारावर बघा. आजोबांच्या नावाची पाटी ते गेल्यावर वीस वर्षांनीही असते. त्याच घरात राहणाऱ्या बाईचं नाव कुठेही नसतं. टपालाच्या दृष्टीने ती त्या घरात राहतच नाही.

माझ्या फुफीचं सांगते. आजोबांच्या जमिनीत तिचा हिस्सा होता. तो कमी दाखवणारी फेरफार नोंद झाली. अशा नोंदीची नोटीस हितसंबंधितांना द्यावी लागते आणि आक्षेपाला १५ दिवस मिळतात. फुफीच्या नावाची नोटीस निघाली, पण पत्ता होता माहेरचा. फुफी चाळीस वर्षं खाडीपलीकडच्या गावात नांदते आहे. माहेरी पत्र आलं, घरातल्या कुणीतरी सही करून घेतलं, कपाटात ठेवलं. १५ दिवस गेले, नोंद मंजूर झाली. दोन वर्षांनी तिच्या मुलाने मोबाइलवर सातबारा बघितला तेव्हा कळलं. आता अपील चालू आहे आणि तिथे तिला पहिला प्रश्न हाच विचारला गेला: नोटीस मिळाली असताना वेळेत आक्षेप का घेतला नाही? कागदोपत्री सगळं बरोबर आहे. पत्र गेलं, सही झाली, पोच आली. फक्त जिच्या नावाचं पत्र होतं तिला ते मिळालं नाही.

तलाकचंही तसंच. शायरा बानोंना ऑक्टोबर २०१५ मध्ये माहेरी असताना तलाकचा कागद टपालाने आला. त्याविरुद्ध त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने तो तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक, कुठल्याही मार्गाने दिला तरी अवैध आणि शिक्षापात्र झाला. त्याआधी २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात सांगितलं होतं की तलाक दिला असं नुसतं कागदावर म्हणून चालत नाही, त्याला सबळ कारण लागतं, आधी समेटाचा प्रयत्न लागतो आणि हे सगळं सिद्ध करावं लागतं. तरीही महिन्या-महिन्याने द्यायच्या तलाक-ए-हसनच्या नोटिसा आजही टपालाने जातात आणि त्याबद्दलच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या आहेत. विचार करा, बाई माहेरी आहे, नोटिसा सासरच्या पत्त्यावर जात आहेत आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत येत आहेत. तिला काही ठाऊक नसताना तिच्याविरुद्ध पुरावा तयार होतो.

इथे एक बदल लक्षात ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा बंद होऊन स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. रजिस्टर पत्र ज्याच्या नावाचं त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच द्यायचं असे. स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, तिथे जो भेटेल त्याच्या हाती. ‘ज्याचं त्यालाच’ हवं असेल तर आता ‘नोंदणी’ ही जोडसेवा वेगळी मागावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून तिचं शुल्क ५ रुपये अधिक जीएसटी आहे आणि तेवढ्याच शुल्कात ओटीपी सांगितल्यावर पत्र देण्याचीही सोय आहे. बाईच्या नावाचा महत्त्वाचा कागद पाठवताना हे पाच रुपये वाचवू नका.

फोन आहे ना, मग पत्र कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आहे, मला माहीत आहे. डेन्मार्कमध्ये तिथल्या टपाल कंपनीने २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं बंद केलं. पण त्याआधी, २०१४ पासून, त्या देशाने नागरिकांसाठी सरकारी डिजिटल टपालपेटी बंधनकारक केली होती. ज्यांना ती वापरता येत नाही त्यांना सूट दिली होती. आधी पर्याय उभा केला, मग जुनं काढलं.

आपल्याकडे खेड्यात एका घरात एक स्मार्टफोन, तो मुलाकडे, मुलगा मुंबईला किंवा आखातात. नोंदवलेला नंबर तीन वर्षांपूर्वी बंद झालेला. आपलं सर्वोच्च न्यायालयही सावध आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याने सांगितलं की पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपने बजावता येणार नाही. बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लावून जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात आलेल्या प्रत्येक पत्रावर ‘दार बंद’ हा शेरा. मतदारयादीतून नाव वगळण्याआधी माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, असा कायदा आहे. पण संधीची नोटीस कुलपावर आदळून परत गेली तर ती संधी कुणाला मिळाली?

आणि ट्रॅकिंगवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते तुम्हाला पत्र कुठे आहे हे दाखवत नाही. कुणीतरी कधी बटण दाबलं हे दाखवतं. २०१७ पासून दर्पण योजनेत शाखा कार्यालयांना हातात धरायची यंत्रं मिळाली, ही चांगली गोष्ट झाली. पण डोंगराआड रेंज नसेल तर नोंद रेंजमध्ये आल्यावर होते आणि दुकानात ठेवलेल्या पत्राचीही नोंद ‘वितरित’ अशीच होते.

आपण करण्यासारखं

आता कामाचं बोलू. यातलं काहीही करायला संघटनेची परवानगी लागत नाही.

एक, पत्ता दुरुस्त करा. घरातल्या प्रत्येकाचा आधार, बँक, मतदार नोंदणी, सातबारा यांवरचा पत्ता तपासा. फॉर्ममध्ये ‘पो.’ला जागा नसेल तर दुसऱ्या ओळीत ‘पोस्ट अमुक’ असं घालाच. मोहल्ला, वाडी, जवळची खूण आणि मोबाइल नंबर लिहा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे, फुफींचे पत्ते सर्वांत आधी. जमिनीच्या कागदांवर त्यांचा सासरचा पत्ता लिहिला आहे का, हे बघा. दारावर घरातल्या बायकांची नावं लावा. एक पत्र्याची पेटीही लावा.

दोन, लिफाफा फेकू नका. आतल्या कागदावर पाठवल्याची तारीख असते, लिफाफ्यावर पोचलेल्या कार्यालयाचा शिक्का असतो. मुदत उलटून पत्र मिळालं तर ‘मला उशिरा मिळालं’ हे सांगणारा तो बहुधा तुमच्याकडचा एकमेव पुरावा असतो. त्याचा लगेच फोटो काढा आणि मिळालेली तारीख त्यावर लिहा. सही करताना तारीखही घाला.

तीन, मोजा. हे माझं आवडतं काम. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. शहरातल्या मित्रांनी वेगवेगळ्या दिवशी गावातल्या दहा घरांना तीन-तीन पोस्टकार्डं पाठवायची. तीस कार्डांचे पंधरा रुपये. कार्डावर टाकल्याची तारीख, घेणाऱ्याने मिळाल्याची तारीख वहीत लिहायची. किती पोचली, किती दिवसांत, कुठल्या वाडीवर एकही गेलं नाही. महिन्याभरात तुमच्या हातात तक्रार नसेल, तक्ता असेल. तक्त्याला उत्तर देणं भाग पडतं.

चार, तो तक्ता घेऊन पुढे जा. टपाल खात्याची तक्रार केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर करता येते. ठरावीक काळाने डाक अदालत भरते, तिथे मांडता येते. दहा रुपये भरून माहितीचा अधिकार वापरा: आमच्या शाखा कार्यालयात मंजूर पदं किती, रिकामी किती, वर्षभरात ‘दार बंद’, ‘अपुरा पत्ता’, ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यांनी किती पत्रं परत गेली? ग्रामसभेत ठराव मांडा. हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यापुरता नाही. शेजारच्या बौद्धवाडीचं, धनगरवाडीचं टपाल त्याच थैलीतून येतं. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय हे काम करू नका.

पाच, डाक सेवकाशी भांडू नका, त्याच्या बाजूने बोला. त्याचे तास वाढले, पद भरलं गेलं, तर पत्र तुमच्या दारात येणार आहे. आणि स्वतः ही कामं घ्या. ग्रामीण डाक सेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते, १८ ते ४० वयात अर्ज करता येतो, स्थानिक भाषा शिकलेली असावी लागते. आपल्या मुली दहावीला चांगले गुण मिळवतात, मग लग्नाची वाट बघत घरी बसतात. मोहल्ल्यात सायकलवर टपाल घेऊन फिरणारी मुलगी असेल, तर बाईचं पत्र बाईच्या हातात पडण्याची शक्यता किती वाढेल, याचा विचार करा. भरतीची जाहिरात आली की गावात सांगा, अर्ज भरून द्या.

आपली चळवळ कायदे बदला म्हणून भांडत आली आणि काही कायदे बदलले. आता बदललेला कायदा शेवटच्या वाडीपर्यंत पोचतो का, हे बघायचं काम आपलं आहे. तिथे तो भाषणातून जात नाही. तो एका थैलीतून, साडेचारच्या एसटीने जातो. घरी गेल्यावर पहिलं काम एवढंच करा: आपल्या आईचा, बहिणीचा पत्ता एका कागदावर पूर्ण लिहा, ‘पो.’सकट. आणि तिच्या नावाने एक पोस्टकार्ड टाका. ते तिच्या हातात किती दिवसांनी पडतं, ते मला कळवा.